वंगण : सीमेवरच्या गाड्यांचा उपेक्षित इतिहास

इतिहास शिकवता शिकवता माझी बत्तीस वर्षे गेली. पेडणे आणि डिचोली या आमच्या दोन तालुक्यांचा इतिहास मुलांना सांगायचा म्हणजे ठरलेले टप्पे असतात. १७८१ ते १७८८ या काळात डिचोली, सत्तरी, पेडणे पोर्तुगिजांच्या हाती गेले आणि 'नव्या काबिजादी'त जमा झाले. मग राण्यांची बंडे, १९५४ आणि १९५५ चे सत्याग्रह, पत्रादेवी, तेरेखोल आणि १९ डिसेंबर १९६१. हे सारे शिकवलेच पाहिजे, आणि मी ते मनापासून शिकवतो. पण वर्गात समोर बसलेल्या मुलांपैकी कितीतरी जणांचे वडील खाणीवर ट्रक चालवीत, आज कुणी पिकअपमधून भाजी आणतात, कुणी चिरे वाहतात. त्यांच्या घरचा इतिहास आमच्या पुस्तकात कुठेच नाही. हा लेख त्या इतिहासातल्या एका अगदी छोट्या आणि काळ्याकुट्ट गोष्टीविषयी आहे, ती म्हणजे गाडीच्या गिअरबॉक्समध्ये आणि डिफरन्शियलमध्ये घालायचे तेल.

विषय ऐकून कुणी हसेल. साहित्याच्या दिवाळी अंकात तेलाचे काय काम, असेही कुणाला वाटेल. पण 'वंगण' हा शब्दच मुळी आपल्या बैलगाडीचा आहे. आसावर फिरणाऱ्या तुंब्याला वंगण घातले नाही, तर चाक कुरकुरते, आस झिजते आणि बैलांच्या मानेवर भार येतो. म्हणून गाडीवान वंगणाचे नळकांडे गाडीखाली टांगून ठेवीत. वंगणात तेल असे, काजळी असे, कधी चिंध्या किंवा तागाचे धागे असत. लांबच्या प्रवासात वाटेत थांबून चाक सैल करायचे, आसाला वंगण चोपडायचे आणि पुढे निघायचे. हे काम गाडीवान स्वतः करी, दुसऱ्या कुणाला बोलावीत नसे. ज्याची गाडी, त्याच्या हाताला वंगण, हा त्या काळचा साधा नियम होता.

बैलगाडीची जागा मोटारीने घेतली, तरी हे तत्त्व बदलले नाही. धातूवर धातू घासू लागला की मध्ये काहीतरी निसरडे हवेच. आपल्या एरंडेलाचे नशीब इथे मोठे गमतीचे आहे. पोट साफ करायला आजी जे तेल चमच्याने पाजायची, तेच पहिल्या महायुद्धात विमानांच्या इंजिनांना लागत असे. १९०९ मध्ये इंग्लंडमध्ये 'कॅस्ट्रॉल' या नावाने जे तेल बाजारात आले, त्याचे नावच मुळी एरंडाच्या इंग्रजी नावावरून, 'कॅस्टर'वरून, पडलेले आहे. दुसरीकडे समुद्रातल्या स्पर्म जातीच्या देवमाशाचे तेल गिअरच्या तेलांत मिसळले जाई. देवमाशांची जात संपत आल्याचे लक्षात आल्यावर १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेने त्या तेलावर बंदी घातली, तेव्हा तेल बनवणाऱ्या कंपन्यांना दुसरी द्रव्ये शोधावी लागली. एवढ्याशा तेलामागे एरंडाचे शेत आहे, देवमासा आहे आणि एक महायुद्धही आहे.

आणखी एक वळण १९२६ सालचे. त्या वर्षी अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने आपल्या मोटारीत 'हायपॉइड' नावाची दात्यांची रचना वापरली. पूर्वी मागच्या आसातला लहान पिनियन मोठ्या क्राऊन चाकाच्या बरोबर मध्यभागी येत असे. आता तो थोडा खाली उतरवला. त्यामुळे गाडी बुटकी करता आली, दाते अधिक मजबूत झाले आणि आवाजही कमी झाला. पण दाते एकमेकांवर नुसते फिरेनात, ते घासून घसरू लागले. साधे तेल त्या दाबाखाली पिळून बाहेर पडे. म्हणून तेलात गंधक आणि फॉस्फरसची संयुगे मिसळण्यात आली. दाब वाढून धातू तापला की ही संयुगे दात्याच्या पृष्ठभागावर एक पातळ पापुद्रा तयार करतात, आणि तो पापुद्रा स्वतः झिजून लोखंड वाचवतो. जुने गिअर ऑईल उघडले की नाकात जाणारा तो विशिष्ट उग्र वास या गंधकाचाच.

* * *

आता आपल्या सीमेकडे येऊ.

दुसऱ्या महायुद्धात १९४१ पासून अमेरिकेच्या विलिस कंपनीने जीप मोठ्या संख्येने बनवली. युद्ध संपले आणि ही गाडी शेतावर, जंगलात, घाटात सगळीकडे पोचली. १९४७ मध्ये विलिसने त्याच घराण्यातला चारही चाकांना जोर देणारा पिकअप ट्रक काढला. त्याच साली, १९४५ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्र अँड महंमद या कंपनीने मुंबईत विलिस जीपचे भाग जुळवून गाड्या तयार करायला सुरुवात केली. १९४८ मध्ये तिचे नाव महिंद्र अँड महिंद्र झाले. पुढे अनेक दशके सावंतवाडी, बेळगाव, दोडामार्ग या भागांत 'जीप' म्हणजे महिंद्रची जीप, हे समीकरण पक्के राहिले. दुसरी निवडही फारशी नव्हती. सरकारी धोरणामुळे फोर्ड आणि जनरल मोटर्स या परदेशी कंपन्यांनी १९५३-५४ च्या सुमारास भारतातले जुळणीचे काम आवरते घेतले होते.

सीमेच्या या बाजूला चित्र अगदी उलटे होते. पोर्तुगीज गोव्यात मर्सिडीज, ओपेल, फोक्सवॅगन अशा गाड्या थेट बोटीने मुरगावला उतरत. १९५४ पासून भारताने आर्थिक निर्बंध लावले, १९५५ मध्ये सीमेवरून होणारी रेल्वे वाहतूक थांबली. पत्रादेवीची वाट बंद झाली, पण मुरगावचे बंदर उघडे होते. हॉलंडचे बटाटे खाल्लेली माणसे आमच्याकडे पुष्कळ होऊन गेली. जो माल बटाट्यांना लागू, तोच नियम मोटारींच्या सुट्या भागांना आणि तेलाच्या डब्यांना. बांद्याला मिळत नसे ते म्हापशात मिळे, आणि म्हापशात मिळत नसे ते कुठेच मिळत नसे.

या दोन बाजूंना जोडणारी एक गोष्ट मात्र आधीपासून होती, आणि मुलांना ती सांगितली की त्यांचा विश्वास बसत नाही. पोर्तुगालमध्ये १९२८ साली वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालू लागली. गोव्यात मात्र डावी बाजूच कायम राहिली, कारण शेजारच्या ब्रिटिश हिंदुस्थानात सगळे डावीकडून जात. लिस्बनचा हुकूमही पत्रादेवीच्या रस्त्यापुढे नमला. राज्ये दोन असली तरी रस्ता एकच असतो, याचा याहून चांगला दाखला माझ्याजवळ नाही.

१८ डिसेंबर १९६१ रोजी माघार घेताना पोर्तुगीज सैन्याने डिचोली, अस्नोडा आणि शापोरा येथील पूल उडवले. पुढच्याच दिवशी राज्य बदलले. त्यानंतर बाहेरच्या गाड्या आणि त्यांचे भाग सहजासहजी येईनात. गोव्यात असलेल्या गाड्या मात्र होत्याच, आणि त्या टिकवायच्या होत्या. गोव्यातल्या जुन्या मर्सिडीज टॅक्सी कितीतरी वर्षे रस्त्यावर धावल्या, त्या या गरजेपोटी. भाग मिळत नाही म्हटल्यावर भाग झिजू न देणे एवढाच उपाय राहतो, आणि झीज रोखायची म्हणजे वेळच्या वेळी तेल बदलायचे. आमच्याकडचे मेस्त्री निष्णात झाले ते कुठल्या कॉलेजात जाऊन नव्हे. नाइलाजाने त्यांना शिकवले.

'मेस्त्री' हा शब्दही पाहा. तो पोर्तुगीज 'मेस्त्र' वरून आला. मेस्त्री चावीने प्लग सैल करतो, ती 'चावी' पोर्तुगीज. खाली 'घमेले' ठेवतो, तेही पोर्तुगीज. जुने तेल 'बालदी'त ओततो आणि नव्या तेलाच्या 'पिंपा'कडे वळतो, हे दोन्हीही पोर्तुगीज. काम करणारा, त्याचे हत्यार आणि त्याची तिन्ही भांडी चारशे वर्षांपूर्वी जहाजातून उतरली. 'तेल' आणि 'वंगण' तेवढे इथले. आणि हे शब्द काही गोव्यापुरते राहिले नाहीत, पार विदर्भापर्यंत मराठी माणूस ते आपले म्हणून वापरतो. भाषेची सीमा नाक्यावर थांबत नाही, ती गॅरेजातून बिनबोभाट पलीकडे जाते.

* * *

डिचोलीचा इतिहास लोहखनिजाशिवाय लिहिता येणार नाही. १९५० च्या दशकात जपानच्या पोलाद कारखान्यांकडे गोव्याचे खनिज जाऊ लागले, आणि शिरगाव, मये, पाळी, वेळगे या भागांत डोंगर खोदले जाऊ लागले. खाणीपासून नदीवरच्या धक्क्यापर्यंत ट्रक, तिथून बार्जने मांडवीतून मुरगावला, अशी ती साखळी. मुक्तीनंतर टाटांचे ट्रक आले. १९५४ मध्ये जर्मनीच्या डायम्लर-बेंझशी करार करून टाटांनी ते जमशेदपूरला बनवायला घेतले होते. लाल धूळ, भरलेला ट्रक, चढउतार आणि दिवसाला अनेक खेपा. या गाड्यांच्या मागच्या आसातले तेल जितके राबले, तितके क्वचितच कुठे राबले असेल.

मग २०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या. मध्ये काही काळ चालल्या, पण ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि १६ मार्चपासून सगळे पुन्हा ठप्प झाले. लिलावानंतर २०२४ मध्ये डिचोली गटातून उत्खनन पुन्हा सुरू झाले खरे, पण मधल्या वर्षांत अंगणाअंगणांत ट्रक उभे राहिले होते. उभी गाडी धावत्या गाडीहून लवकर मरते, हे तेव्हा पुष्कळांनी पाहिले. तेल तळाशी बसते, वरचे दाते उघडे पडतात, पावसाळ्याचा दमट वारा आत शिरतो आणि गंज चढतो. कित्येकांनी ट्रक मिळेल त्या किमतीला विकला आणि एखादी जुनी पिकअप घेतली. त्या पिकअपवर आज घर चालते, मुलाची फी भरली जाते. पिकअपचा डिफरन्शियल खरखरू लागला, तर ती फी थांबते. म्हणून मी या तेलाला इतिहासाचा विषय मानतो.

* * *

माझ्याकडेही १९९० च्या दशकातली महिंद्रची चारही चाकांना जोर देणारी पिकअप आहे. काजूच्या बागेतून, पेडण्याच्या डोंगरवाटांवरून ती अजून चालते. तिच्या अंगातले तेल मी स्वतः बदलतो. हे काम मी डिचोलीच्या एका वृद्ध मेस्त्रींकडून शिकलो. त्यांचे एक वाक्य मला कुठल्याही इतिहासमीमांसेच्या ग्रंथाइतके मोलाचे वाटते. "सर, मनीस फट मारता, तेल मारिना." माणूस खोटे बोलतो, तेल बोलत नाही.

अशा जुन्या गाडीत इंजिनाखेरीज तेलाच्या चार स्वतंत्र कोठ्या असतात. गिअरबॉक्स, त्याच्या मागे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारा ट्रान्स्फर केस, पुढचा डिफरन्शियल आणि मागचा डिफरन्शियल. जुन्या विलिस घराण्यातल्या जीपमध्ये प्रत्येक कोठीत सुमारे सव्वा ते दीड लिटर तेल मावते, म्हणजे चारही मिळून साडेपाच लिटरांच्या आसपास. प्रत्येक गाडीचे नेमके माप तिच्या पुस्तिकेत पाहावे.

काम तसे सोपे, पण क्रम चुकवू नये. आधी गाडी दहा-पंधरा मिनिटे चालवून आणावी, म्हणजे तेल पातळ होते आणि तळाचा गाळ हलतो. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना दगड लावावेत. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कदापि जाऊ नये. मग पहिल्याने वरचा, तेल भरायचा प्लग उघडावा, आणि तो उघडला तरच खालचा. असे का? वरचा प्लग वर्षानुवर्षे गंजून बसलेला असतो. आधी खालून तेल सोडून दिले आणि नंतर वरचा हललाच नाही, तर गाडी तेलावाचून जागच्या जागी अडकते. जुने तेल घमेल्यात पूर्ण निथळू द्यावे, प्लग पुसून घट्ट बसवावा आणि वरच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत नवे तेल भरावे. कडेवरून थेंब ओघळू लागला की थांबावे.

तेल कोणते, हा प्रश्न महत्त्वाचा. डब्यावर ९० आकडा पाहून पुष्कळ जण ते इंजिनाच्या ४० नंबरच्या तेलाहून दुप्पट दाट समजतात. तसे नाही. दोन्ही मापनपट्ट्या वेगळ्या आहेत. गिअरचे ९० नंबरचे तेल इंजिनाच्या ४० ते ५० नंबरच्या तेलाइतकेच दाट असते. दुसरी गोष्ट, 'जीएल-५' लिहिलेले तेल हायपॉइड डिफरन्शियलसाठी उत्तम, पण जुन्या गिअरबॉक्सातल्या पितळी सिंक्रो रिंगांना त्यातले जास्तीचे गंधक बाधू शकते. तिथे पुस्तिकेत 'जीएल-४' सांगितले असेल तर तेच घालावे. महाग ते चांगले, हा न्याय इथे चालत नाही.

आता इतिहासाच्या शिक्षकाच्या आवडीचा भाग. बाहेर आलेले तेल वाचायचे. तेल काळे पण स्वच्छ असेल, तर ते फक्त म्हातारे झाले आहे. प्लगच्या चुंबकावर काजळासारखी बारीक पूड असेल, तर ती वयोमानाची झीज. पण नखाएवढा चकाकता तुकडा मिळाला तर दाता तुटला असे समजावे आणि मेस्त्रींना बोलवावे. पितळी झाक दिसली तर सिंक्रोकडे संशय. गिअरबॉक्सात तेल कमी आणि ट्रान्स्फर केसमध्ये जास्त आढळले, तर दोहोंमधले सील गळते आहे. तेल कुठे हरवलेले नाही, शेजारच्या घरी गेले आहे.

आणि तेल दुधाळ, गढूळ चहासारखे दिसले, तर आत पाणी गेले आहे. आमच्या भागात हे नेहमीचेच. चढ चढून तापलेली गाडी पावसाळ्यात ओहोळातून जाते. गार पाणी लागताच डिफरन्शियलच्या आतली हवा आकसते, पोकळी तयार होते, आणि सीलच्या कडेतून किंवा श्वासनळीच्या भोकातून पाणी आत ओढले जाते. खाडीकाठच्या खाजन जमिनीत तर ते पाणी खारे. म्हणून ओहोळापूर्वी गाडी क्षणभर थांबवून थोडी निवू द्यावी, आणि आसावरची ती छोटी श्वासनळी मातीने बुजलेली नाही ना हे पाहावे. पाण्यातून गेलेली गाडी पावसाळा संपताच तपासावी. हे कारण समजले की मुलांना भौतिकशास्त्रातला हवेच्या आकुंचनाचा धडा वेगळा शिकवावा लागत नाही.

* * *

एक गोष्ट मात्र निक्षून सांगतो. जुने तेल अंगणात, गटारात किंवा माडाच्या अळ्यात ओतू नका. पूर्वी ते वाशांना वाळवी लागू नये म्हणून चोपडत, कुंपणाच्या खांबांना लावीत. पण त्या तेलात धातूची पूड आणि गंधकाची संयुगे असतात. आपली जमीन जांभ्याची. चिऱ्याला भोके असतात, त्यातून पाणी झिरपून विहिरीत येते, तसेच तेलही येते. कायद्यानेही वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते, आणि २०१६ च्या नियमांनुसार ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवे. ते झाकणाच्या डब्यात साठवावे आणि जिथून असे तेल उचलले जाते अशा गॅरेजात नेऊन द्यावे. खाणींनी आपल्या झऱ्यांचे काय केले ते आपण पाहिले आहे. निदान घरच्या विहिरीला आपण तरी जपावे.

कुणी म्हणेल, सर, हे सारे आता संपत आले. ते काही अंशी खरे आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारचे जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरण आले, २०२२ पासून जुन्या गाड्यांच्या पुनर्नोंदणीचे शुल्क वाढले. डिसेंबर २०२२ मध्ये मोपाच्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि पेडण्याच्या रस्त्यांवर चकचकीत गाड्या वाढल्या. माझी पिकअप किती वर्षे रस्त्यावर राहील, हे माझ्या हाती नाही. पण विजेवर चालणाऱ्या गाडीतही मोटारीचा वेग उतरवणारे दाते असतात, आणि त्या दात्यांनाही तेल लागते. गाडीचे इंधन बदलेल, वंगण जाणार नाही.

मला खरी काळजी गाडीची नाही, ज्ञानाची आहे. ज्या पिढीने निर्बंधांच्या काळात, मग परदेशी भाग मिळेनासे झाल्यावर, मग खाणींच्या धुळीत गाड्या जगवल्या, ती पिढी आता थकली. तिचे ज्ञान कुठल्याही दप्तरात नाही. गाडीची पुस्तिका इंग्रजीत, मेस्त्रींचे बोलणे कोंकणी-मराठीत, आणि दोहोंना जोडणारे पान कुणीच लिहिले नाही. आम्ही शाळांनीही मुलाच्या हाताला तेल लागले की त्याला 'अभ्यासात कच्चा' ठरवले. पेडण्याच्या आणि डिचोलीच्या आयटीआयमध्ये जाणारा मुलगा म्हणजे मागे पडलेला मुलगा, हा समज आपल्या घरांत अजून आहे. ज्या गाडीने त्याची फी भरली, तिचेच काम त्याने हलके मानावे, हे कसले शिक्षण?

म्हणून माझी वाचकांना एक साधी विनंती आहे. तुमच्या गावात, सीमेच्या या बाजूला असो वा त्या, एखादे वृद्ध मेस्त्री असतील तर त्यांच्याजवळ वही घेऊन बसा. कोणत्या गाड्या होत्या, तेल कुठून येई, कोणता भाग कशापासून घडवला, ते लिहून घ्या. तारखा चुकल्या तरी चालतील, त्या मागाहून ताडून पाहता येतील. आणि पुढच्या खंडेनवमीला गाडी धुऊन तिला झेंडूचा हार घालण्याआधी मुलाला सोबत घेऊन तिच्याखाली घमेले ठेवा. वर्षभराचे जुने तेल काढून त्याला दाखवा, नवे भरा, हात धुवा, आणि मग पूजा करा.